कृत्तिकांसाठी एक वर्गखोली

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका
यांस,



डिसेंबरच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमाराला आमच्या कांदिवलीतल्या चारकोपच्या गल्लीत मान वर केली, की कृत्तिका डोक्यावर असतात. पण दिसत नाहीत. दुकानांच्या पाट्या, मेट्रोच्या मार्गावरचा उजेड आणि खाडीकडून येणारी दमट धुरकट हवा यांतून रोहिणीचा तांबूस ठिपका तेवढा हाती लागतो. तिथून थोडं पश्चिमेला बोट न्यायचं आणि म्हणायचं, ‘ह्या इथे असतात कृत्तिका.’ मुलं खरं बोलतात. ‘नाही दिसत, बाई.’

मी दहावीच्या मुलांना घरी विज्ञान आणि गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री ओट्यावर बसलेल्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, कृत्तिका नक्की किती आहेत?’ मी सांगून टाकलं, सहा दिसतात, नजर चांगली असेल तर सात. तिनं पुन्हा विचारलं, ‘दिसतात किती नाही, आहेत किती?’

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आमच्या घरात जे घडलं, ते सांगण्यासाठी आणि त्यावरून एक मागणं मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. आपण चारकोपला आला आहात की नाही, मला माहीत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

युरोपीय अवकाश संस्थेनं डिसेंबर २०१३ मध्ये ‘गाया’ नावाची दुर्बीण अवकाशात पाठवली. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून तिनं दहा वर्षांहून जास्त काळ एकच काम केलं: ताऱ्यांच्या जागा मोजणं. जानेवारी २०२५ मध्ये तिचं निरीक्षण थांबलं. जून २०२२ मध्ये तिचा जो डेटा खुला झाला, त्यात सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी आहेत. पैसे लागत नाहीत, कुणाची शिफारस लागत नाही, तुम्ही कोण हेही कुणी विचारत नाही. आकाशातली जागा सांगायची, किती अंशांच्या वर्तुळात शोधायचं ते सांगायचं, आणि माद्रिदजवळचा संगणक तिथल्या ताऱ्यांची यादी पाठवून देतो.

आम्ही कृत्तिकांची जागा दिली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हजारो ओळी उतरल्या. एका ओळीत एक तारा: त्याची जागा, तेज, रंग, दर वर्षी तो आकाशात किती सरकतो, आणि आपल्यापासूनचं अंतर काढायला लागणारा एक अगदी लहान कोन. त्याला मराठीत पराशय म्हणतात. हात लांब करून अंगठा धरा आणि आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे मागच्या ताऱ्यांवर तशीच उडी मारतात. कृत्तिकांच्या बाबतीत हा कोन केवढा? हैदराबादेत कुणी एक रुपयाचं नाणं धरून उभं राहिलं, तर चारकोपमधून ते जेवढं दिसेल, साधारण तेवढा. गायानं हा कोन मोजला.

त्या यादीत सगळ्या काही कृत्तिका नव्हत्या. त्याच दिशेला दिसणारे, पण खूप पुढचे किंवा खूप मागचे तारेही त्यात होते. त्या मुलीनं त्यांना कसं वेगळं केलं, ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. ज्यांचा कोन सारखा आहे, तेवढे आधी ठेवले. मग प्रत्येक ताऱ्याचं सरकणं कागदावर मांडलं: आडवं पूर्व-पश्चिम, उभं उत्तर-दक्षिण. बहुतेक ठिपके इकडेतिकडे विखुरले. आग्नेयेकडे मात्र एका जागी ठिपक्यांचा दाट घोळका झाला. एकत्र निघालेले, एकाच गतीनं एकाच बाजूला जाणारे तारे. तिनं पेन्सिलनं त्याभोवती गोल केला आणि म्हणाली, ‘हे आपले.’ मोजले तर हजारावर भरले.

मग तिनं त्यांचे रंग आणि तेज मांडलं. डावीकडे निळे, उजवीकडे लाल. वर तेजस्वी, खाली मंद. ठिपके आपोआप एका तिरक्या ओळीत उभे राहिले, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. ‘बाई, रांग लागली!’ ती ओरडली, तेव्हा शेजारच्या घरातून माणसं बघायला आली. त्या रांगेचं वरचं टोक जरा वळलेलं आहे. सगळ्यांत मोठे, निळे तारे आपलं इंधन भराभर जाळतात आणि सगळ्यांत आधी रांग सोडतात. रांग कुठून वळते यावरून त्या समूहाचं वय काढतात. कृत्तिकांचं वय साधारण दहा-बारा कोटी वर्षं; सूर्याच्या मानानं ही तान्ही बाळं.

अंतर तिनं वहीत काढलं. कोन ७.४ एककांच्या आसपास, हजाराला ७.४ नं भागलं, ३.२६ नं गुणलं, उत्तर आलं सुमारे ४४० प्रकाशवर्षं. म्हणजे आज आमच्या गल्लीवर पडणारा कृत्तिकांचा प्रकाश साधारण त्या काळात निघाला, ज्या काळात पैठणला एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करत होते. ते काम शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली पुरं झालं. मी हे सांगितल्यावर ती पोर बराच वेळ काही बोलली नाही.

आयुक्त महोदय, त्या रात्री आम्ही काही नवा शोध लावला नाही. जगातल्या अनेक खगोलशास्त्रज्ञांनी हे कधीच करून ठेवलं आहे. पण शास्त्रज्ञ ज्या नोंदी वापरतात, त्याच नोंदी आमच्या हातात होत्या. मुलांसाठी सोपी करून दिलेली खेळणी ती नव्हती. प्रयोगशाळेतल्या वहीत आधीच लिहून ठेवलेलं उत्तरही ते नव्हतं. चारकोपमध्ये राहणाऱ्या एका रिक्षाचालकाच्या मुलीच्या हातून खऱ्या नोंदींमधून खरं उत्तर निघालं.

आता चारकोपबद्दल. आमचा हा सगळा भाग १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं वसवला. त्या योजनेचं तत्त्व फार साधं आणि फार शहाणपणाचं होतं. सरकारनं घरं बांधून दिली नाहीत. सरकारनं जमीन आखून दिली, रस्ते केले, पाणी आणि गटारं आणली आणि लहान-लहान प्लॉट लोकांच्या हाती दिले, २५-४० चौरस मीटरचे. तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी, मधे मोकळा चौक. घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे बांधलं. आधी पत्रे, मग विटा, मग मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा मजला. माझ्या सासऱ्यांनीही असंच बांधलं. सोयी मिळाल्या की माणसं पुढचं स्वतः करतात, हे चारकोपनं चाळीस वर्षं करून दाखवलं आहे.

अवकाश दुर्बिणींचा खुला डेटा म्हणजे नेमकं हेच आहे. जेम्स वेब दुर्बिणीला सुमारे १० अब्ज डॉलर लागले. तो खर्च कुणी तरी केला, रस्ता आणि पाणी आणून ठेवलं. एखाद्या शास्त्रज्ञानं मागून घेतलेलं निरीक्षण जास्तीत जास्त वर्षभर त्याच्याकडे राखून ठेवतात, मग ते सगळ्यांचं होतं. मोठ्या सर्वेक्षणांचं पुष्कळदा पहिल्या दिवसापासूनच. प्लॉट आखलेले आहेत. बांधणारी माणसं हवीत.

आणि बांधणारे आपल्याच मुलखात आहेत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी एक दीर्घिका शोधल्याचं जाहीर झालं. तिचं नाव त्यांनी ‘अलकनंदा’ ठेवलं. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असताना या दीर्घिकेला दोन रेखीव, सुरेख वळणदार बाहू होते. इतक्या लवकर इतकी घडी बसलेली दीर्घिका असेल, अशी अपेक्षा नव्हती. या शोधासाठी कुणी अवकाशात गेलं नाही, कुणी दुर्बिणीला डोळा लावला नाही. वेब दुर्बिणीनं आबेल २७४४ नावाच्या दीर्घिकासमूहाच्या दिशेची जी चित्रं दुसऱ्यांच्या सर्वेक्षणासाठी घेतली होती, ती खुली होती. ती पुण्यात बसून कुणी तरी नीट, चिकाटीनं पाहिली. त्या समूहाच्या वजनानं मागून येणारा प्रकाश वाकतो आणि मागची वस्तू जास्त उजळ दिसते, हा निसर्गाचा हातभारही तिथे मिळाला.

याच्या आधीची एक गोष्ट मला त्याहून प्रिय आहे, कारण ती लहान दुर्बिणीची गोष्ट आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोनं ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ सोडला. त्यावरची क्ष-किरण पाहणारी तीन उपकरणं आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. कांदिवलीहून चर्चगेटची लोकल पकडावी आणि जाऊन पोहोचावं, इतक्या अंतरावर. याच उपग्रहावर जंबुपार किरण पाहणाऱ्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. त्यांच्या आरशाचा व्यास फक्त ३७.५ सेंटिमीटर, आपल्या घरातल्या परातीएवढा. हबल अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये या दुर्बिणींनी आकाशाचा एक असा तुकडा मिळून २८ तास पाहिला, जो हबलनं आधीच खोलवर पाहून ठेवला होता. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेतले कनक साहा आणि त्यांचे सहकारी त्या नोंदी तपासत बसले. ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून अतिशय तीव्र जंबुपार प्रकाश येत होता. हबलला तो सापडला नव्हता. छोट्या दुर्बिणीच्या डिटेक्टरमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट फारच कमी असल्यामुळे ती कुजबुज तिला ऐकू आली. खात्री करून घेण्यात जवळजवळ दोन वर्षं गेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. असा प्रकाश बहुधा दीर्घिकेतला हायड्रोजनच गिळून टाकतो. तो निसटून बाहेर कसा पडतो हे कळलं, तर विश्वाच्या बालपणी पसरलेलं हायड्रोजनचं धुकं कसं विरलं, ते कळेल.

मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा परातीचा भाग दोनदा सांगावा लागतो.

पण हे सगळे पगारी किंवा शिष्यवृत्ती मिळणारे संशोधक झाले. साध्या माणसांचं काय? २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ नावाच्या उपक्रमात नेदरलँड्समधली एक शाळाशिक्षिका, हॅनी व्हान आर्केल, घरी बसून दीर्घिकांची चित्रं वर्गवार लावत होती. एका चित्रात तिला एक विचित्र डाग दिसला. तिनं विचारलं, हे काय आहे? पुढे हबलनं त्याचं छायाचित्र घेतलं, आणि तो डाग आज तिच्या नावानं ओळखला जातो. शेजारच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवरानं एके काळी पेटवलेला तो वायूचा ढग होता. आणि आपल्या कलिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या आवारात, आनंद होता यांनी २०१३ मध्ये ‘रॅड अ‍ॅट होम’ सुरू केलं. देशभरातली पदवीच्या वर्गातली मुलं तिथे शिकतात: नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची चित्रं आणि अवकाश दुर्बिणींनी घेतलेली जंबुपार व अवरक्त चित्रं एकमेकांवर ठेवायची, आणि कुठे काही न जुळणारं दिसतं ते शोधायचं. अशाच एका चित्रात एका दीर्घिकेतून सुटलेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळून त्याचा बुडबुडा झालेला दिसला. ती दीर्घिका सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. २०२२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

म्हणून आता माझं मागणं.

आमच्या मुलांकडे डेटा आहे, टेबल नाही. २५ चौरस मीटरच्या प्लॉटवरच्या घरात पाच-सहा माणसं असतात, आणि संध्याकाळी टीव्ही चालू असतो. मोबाइल सगळ्यांकडे आहे, पण वीस हजार ओळींची फाइल मोबाइलवर उघडली की तो गोठतो. माझा एक लॅपटॉप. रविवारी सात मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसतात. मागे मी ज्या शाळेत शिकवत होते, तिथल्या संगणकांवर कव्हरं असायची आणि किल्ली कपाटात. का, ते मला आजही कळलेलं नाही; पण त्या कव्हरांवरची धूळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे होतात. आर दक्षिण विभागात, चारकोपच्या मुलांना चालत जाता येईल अशा एका शाळेतला एक वर्ग आम्हाला आठवड्यातून तीन संध्याकाळी, सहा ते साडेनऊ, द्या. सहा संगणक, त्यांना बरं इंटरनेट, एक प्रिंटर. आठवी ते बारावीची कोणतीही मुलं, महापालिका शाळेतली असोत की खासगी. मुलींना साडेनऊला घरी सोडायची जबाबदारी आम्ही सोसायटीतल्या बायका घेऊ. शिकवायचं काम मी करीन. त्यासाठी मला मानधन नको.

दुसरं मागणं भाषेचं आहे. डेटा फुकट आहे, पण त्याचं दार इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला दीर्घिका, पराशय, वर्णपट हे शब्द आपले वाटतात. त्या पडद्यावरची इंग्रजी वाक्यं पाहून तोच मुलगा मागे सरतो. मी हातानं लिहून बत्तीस पानांची एक पुस्तिका केली आहे: जागा कशी द्यायची, कोणते रकाने घ्यायचे, कोणत्या ओळी टाकून द्यायच्या. मुलं तिच्या झेरॉक्स काढतात. महापालिकेच्या शिक्षण विभागानं ती तपासून घ्यावी, चुका काढाव्यात आणि छापावी. तपासण्यासाठी माणसं दूर शोधायला नकोत. कुलाब्याला टाटा संस्था आहे, कलिन्याला विद्यापीठ आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. याच केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये जगभरातल्या शाळकरी मुलांचं खगोलशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत भरवलं. त्या ऑलिंपियाडमध्ये डेटाच्या विश्लेषणाचा स्वतंत्र पेपर असतो. परदेशातली मुलं त्यासाठी आपल्या शहरात येऊन गेली. चारकोपच्या मुलांना त्याचा सराव करायला एक टेबल तरी असावं.

जयंत नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले. लहान मुलं सही मागायला आली की सर म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन. आणि ते खरोखरच उत्तर पाठवायचे. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ‘आयुका’ही मुळात याच विचाराची आहे. ज्या विद्यापीठांना स्वतःची मोठी साधनं परवडत नाहीत, त्यांनी एका जागी येऊन ती वाटून घ्यावीत. मी मागते आहे ती खोली त्याच वाटणीचा शेवटचा, गल्लीपर्यंत येणारा नळ आहे.

कुणी विचारील, याचा दहावीच्या मार्कांना काय उपयोग? एवढंच सांगते, की त्या मुलीला आता आलेख वाचता येतो. चुकीची नोंद ओळखता येते. संगणकाला नेमका प्रश्न विचारता येतो. पण हे सगळं नसतं आलं, तरीही मी हे पत्र लिहिलं असतं. कृत्तिका किती, हे विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळालं पाहिजे.

आणि एक खुलासा. दिवे कमी करा, असं माझं मागणं नाही. रात्री अकराला मेट्रोतून उतरून घरी चालत येणाऱ्या बायकांना ते दिवे हवेत; मीही त्यांतलीच एक आहे. गडद आकाश पाहायचं तर आम्ही अमावस्येच्या सुमाराला वांगणीला जातो. चारकोपच्या आकाशात तारे नसले तरी चालेल, खोलीत असू द्या.

गायाच्या नोंदींचा पुढचा, आतापर्यंतचा सगळ्यांत मोठा साठा डिसेंबर २०२६ मध्ये खुला होईल, असं युरोपीय अवकाश संस्थेनं जाहीर केलं आहे. कृत्तिका त्याच महिन्यात आमच्या डोक्यावर असतात. ती मुलगी आता अकरावीत आहे. तिला रोहिणीच्या आसपासचे तारे वेगळे काढायचे आहेत, कारण रोहिणी त्यांच्यातली नाही, ती वाटेत मधेच उभी आहे, असं तिनं कुठेतरी वाचलं आहे आणि तिला ते स्वतः तपासायचं आहे. गेल्या रविवारी तिची फाइल अर्ध्यावर अडकली. लॅपटॉप तापला होता, आणि बाकीची सहा जणं आपापल्या पाळीची वाट पाहत होती.

खुर्च्यांची काळजी करू नये. त्या आम्ही सोसायटीच्या कार्यालयातून आणू.

कळावे,
आपली,
चारकोपमधली एक शिक्षिका